चिप दोनदा वाचणारी बाई

माझी थोरली बहीण मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की सख्ख्या बहिणीबद्दल असं लिहितात का. लिहितात. सोळा वर्षं एका दुकानात, तिच्यापासून चार फुटांवर बसून दाखवा, मग माझ्याशी बोला.

दुकान दहा बाय चौदाचं आहे. वडिलांनी ते रेडिओ-टीव्ही दुरुस्तीसाठी घेतलं होतं; आता तिथे आम्ही लॅपटॉप दुरुस्त करतो. दाराजवळ काउंटर, मागे दोन टेबलं, आणि दोन टेबलांच्या मध्ये माणसाच्या छातीइतकी उंच प्लायवूडची फळ्यांची मांडणी. तिच्यावर मेलेले बोर्ड, पंखे, बिजागऱ्या, वायरींची भेंडोळी. ही मांडणी मी उभी केली, कारण समोर तिचा चेहरा बघत काम करणं मला जमेना. आता फक्त तिचं कपाळ दिसतं, आणि कपाळावर चढवलेला भिंगाचा पट्टा. कपाळावर आठ्या किती आहेत यावरून मी दिवस कसा जाणार ते ओळखतो.

आम्ही बोलत नाही असं नाही. अगदीच इलाज नसेल तर बोलतो. एरवी चिठ्ठ्या चालतात. ती फळीवरून चिठ्ठी टाकते आणि माझ्या डोक्यावर पडली तरी तिला त्याचं काही नसतं. चिठ्ठीत वाक्य कधी पुरं नसतं. ‘कात्री. माझी. परत.’ किंवा ‘काल सोल्डरचं फ्लक्स सांडलंस. पुसलं नाहीस.’ यातली एखादी चिठ्ठी मी कधी जपून ठेवली असेल असं कुणाला वाटत असेल, तर तो माणूस मला ओळखत नाही.

गिऱ्हाइकांशी तर ती आणखी वाईट वागते. लॅपटॉप काउंटरवर ठेवला की ती आधी तो हुंगते. मग विचारते, काय सांडलं. समोरचा म्हणतो, काही नाही, आपोआप बंद पडला. हे ‘आपोआप’ ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. एका टाय लावलेल्या साहेबांनी तिला तीनदा सांगितलं, आपोआप. तिने तिथल्या तिथे खालचं झाकण उघडलं, बोर्डावरून चिमट्याने चहाची भिजून वाळलेली पत्ती उचलली आणि साहेबांच्या तळहातावर ठेवली. साहेब ती पत्ती टाकायला जागा शोधत बराच वेळ उभे होते. दुसऱ्या दिवशी तेच साहेब आपल्या मेव्हण्याचा लॅपटॉप घेऊन आले आणि मला ओलांडून तिच्याकडे गेले. मला तिचा राग येतो त्याचं हे एक कारण. मी हसून बोलतो, खुर्ची देतो, आणि माणसं जातात तिच्याकडे.

आता आमचं काम काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लॅपटॉपचं बटण दाबलं की तो सगळ्यात आधी एका चिपकडे जातो. करंगळीच्या नखाएवढी, आठ पायांची. आपण कोण, आपल्याजवळ काय काय आहे, सुरुवात कुठून करायची, हे त्याला तिथे लिहिलेलं सापडतं. त्या मजकुराला बायॉस म्हणतात. तो बिघडला, म्हणजे अपडेट चालू असताना वीज गेली किंवा कुणी घाईत झाकण मिटलं, की पंखा फिरतो, दिवा लुकलुकतो आणि स्क्रीन काळीच राहते. मालकाला वाटतं मशीन मेलं. ते मेलेलं नसतं. चिपला क्लिप लावायची, आतलं बिघडलेलं पुसायचं, त्याच मॉडेलची चांगली फाइल भरायची, की मशीन उठून बसतं. क्लिपची वायर ज्या डबीला जोडतात तिला प्रोग्रामर म्हणतात. डबी काड्यापेटीएवढी, पण आमचं पोट तिच्यावर आहे.

मला या कामाला दहा मिनिटं लागतात. ताईला पाऊण तास. का, तर ती चिप पुसण्याआधी आत जे काही आहे ते, बिघडलेलं असलं तरी, वाचून घेते. मग क्लिप काढते, परत लावते, पुन्हा वाचते. मग दोन्ही फाइली ताडून पाहते. एका अक्षराचा फरक निघाला तर पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही तंतोतंत जुळल्या की त्या जपून ठेवते, आणि त्यानंतरच पुसायला हात लावते. फुटलेल्या माठातलं पाणी कुणी मोजून ठेवतं का, असं मी तिला एकदा म्हणालो होतो. ती म्हणाली, तू आपलं टेबल बघ.

ही सवय तिला कारखान्यातून लागली असं वडील सांगायचे. रेडिओच्या कारखान्यात ती अकरा वर्षं एकाच जागी बसून होती. पट्ट्यावरून बोर्ड यायचा, त्यावर चार टाके सोल्डरचे घालायचे, एकदा भिंगाखाली बघायचं, एकदा नुसत्या डोळ्यांनी, की पुढचा बोर्ड. तिथल्याच गोदामातल्या कारकुनाशी तिचं लग्न झालं. ते तीन वर्षं टिकलं. दार लागलंय की नाही ते ती झोपण्याआधी दोनदा जाऊन बघायची. तिसऱ्यांदा बघायला लागली तेव्हा नवरा घरात नव्हता. हा माझा विनोद आहे, आणि तो मी नातेवाइकांत इतक्यांदा सांगितलाय की आता तो खराच मानला जातो. खरं काय झालं ते तिने कुणालाही सांगितलं नाही. एक पत्र्याची ट्रंक आणि कारखान्यातली सोल्डरगन घेऊन ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दुकानात जाऊन बसली. तेव्हापासून दुकान तीच उघडते. मी दहाला येतो.

पण कारखान्याची गोष्ट अर्धीच खरी आहे. दुसरी अर्धी मला माहीत आहे, कारण तेव्हा मी दुकानात नवा होतो आणि समोर बसून सगळं पाहिलं होतं.

पंधरा वर्षांपूर्वी एका नर्सचा लॅपटॉप आला. ताई तेव्हाही चिप आधी वाचून घ्यायची, पण एकदाच. तिने वाचली, पुसली, नवी फाइल भरली. ती फाइल त्या मशीनला चालेना. जुनी परत घालावी म्हणून उघडली तर आत काहीच नाही. ओळीच्या ओळी एकाच अक्षराच्या. क्लिपचा एक पाय नीट टेकलाच नव्हता. चिपमधलं तर पुसलं गेलेलं, त्या मॉडेलची दुसरी फाइल कुठे मिळेना. मशीन कायमचं गेलं. नर्स काही बोलली नाही, पिशवी उचलून निघून गेली. ताई दोन दिवस जेवली नाही असं आई म्हणायची.

आणि मी काय केलं? मला आनंद झाला. लपवत नाही. लहानपणापासून माझ्या प्रत्येक वहीवर हिच्या अक्षरात ‘पुन्हा कर’ लिहिलेलं असायचं; तिचं काहीतरी एकदा चुकलं म्हणून मला आनंद झाला. मी एक कागद घेतला, ठळक अक्षरांत लिहिलं, ‘ज्याच्या हातून गिऱ्हाइकाचं मशीन कायमचं गेलं, त्याने टेबल सोडावं’, खाली सही केली आणि दोन टेबलांच्या मधल्या भिंतीवर चिकटवला. तिने भिंग कपाळावर सरकवून तो वाचला. मग पेन उचलून माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि पिशवी आवरायला लागली. वडील मध्ये पडले. म्हणाले, कागद आज लागलाय, मशीन परवा गेलं, झालं गेलं त्यात धरायचं नाही. ती बसली. पण कागद राहिला. वडील गेले, आई गेली, दुकानाला दोनदा रंग झाला, कागद काढून परत लावला. चौदा वर्षांत मी एकही मशीन घालवलं नाही. दहा मिनिटांत एक, आणि एकही घालवलं नाही. कुणी विचारलं की मी कागदाकडे बोट दाखवायचो.

माझा हात हलका आहे, हे तर मला माहीतच होतं. माझ्याकडे आलेल्या मशीनचे स्क्रूसुद्धा लोण्यातून निघावेत तसे निघायचे. दुसऱ्या दुकानांतले कारागीर गंजलेल्या, घट्ट बसलेल्या स्क्रूंच्या नावाने रडत असतात. मला ते रडगाणं कधी कळलं नाही. मी त्याचं श्रेय माझ्या परदेशी स्क्रू-ड्रायव्हरला द्यायचो.

तर गेल्या वर्षी एका संध्याकाळी, दुकान बंद करायच्या वेळेला, एक मास्तर आले. बहिऱ्या मुलांच्या शाळेतले. पन्नाशीचे, बारीक, आवाज इतका हळू की मला दोनदा ‘काय’ म्हणावं लागलं. त्यांचा लॅपटॉप अपडेट होत असताना वीज गेली होती. पंखा, दिवा, काळी स्क्रीन. मी म्हटलं, उद्या अकराला या, तयार मिळेल. मशीन माझ्या टेबलावर ठेवलं आणि घरी गेलो.

सकाळी दहाला आलो. स्क्रू भराभर निघाले. क्लिप लावली, चिप पुसली, माझ्याकडे त्या मॉडेलची स्वच्छ फाइल होती ती भरली. बटण दाबलं. स्क्रीन उजळली. घड्याळात दहा वाजून सतरा मिनिटं. मी शीळ घातली, कारण फळीपलीकडे ती अजून कालच्याच मशीनवर होती.

मग स्क्रीन निळी झाली. डिस्कला कुलूप आहे, अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाका, असं ती मागत होती.

हे काय झालं ते सांगतो. हल्ली डिस्कला आपोआप कुलूप लागतं, मालकाला पत्ताही नसतो. रोज ते मशीन स्वतःच उघडतं, म्हणून कधी कळत नाही. आणि बऱ्याच मशीनमध्ये त्या कुलपाची किल्ली याच चिपमध्ये असते, बायॉसच्या शेजारच्या एका कप्प्यात. तो कप्पा त्या एका मशीनचा. दुसऱ्या कुठल्या फाइलमध्ये तो मिळत नाही. तेवढा राखायचा आणि बिघडलेला भागच बदलायचा, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण राखण्यासाठी तो आधी वाचून घ्यावा लागतो. मी सगळीच्या सगळी चिप पुसून बसलो होतो.

मास्तर अकराला आले. मी विचारलं, अठ्ठेचाळीस आकडी किल्ली कुठे लिहून ठेवली आहे का. त्यांना प्रश्नच कळला नाही. लॅपटॉप कुठून घेतला होता? एका ऑफिसने शाळेला देणगी म्हणून दिला होता. ते ऑफिस? बंद पडून चार वर्षं झाली. आतलं दुसरीकडे कुठे ठेवलंय? नाही. मी मग विचारलं, आत आहे काय. ते विचारायला नको होतं.

आत हातांच्या भाषेचा शब्दकोश होता. नऊ वर्षं ते घरोघर फिरून म्हाताऱ्या बहिऱ्या माणसांच्या खुणा चित्रित करत होते. ‘भूक’ची खूण, ‘जावई’ची खूण, ‘मला फसवू नकोस’ची खूण. शाळेत आता नव्या खुणा शिकवतात, जुन्या फक्त या म्हाताऱ्यांच्या हातांत उरल्या होत्या. दोन हजार सहाशे खुणा. त्या म्हाताऱ्यांतली सतरा माणसं आता नाहीत, असं मास्तर म्हणाले. छापणारे शनिवारी येणार होते. हे सगळं त्यांनी त्याच हळू आवाजात सांगितलं आणि विचारलं, वेळ लागेल का. मी म्हटलं, उद्या या. ते मान डोलावून गेले. माणसाने आरडाओरडा केला असता तर मी त्याच्यावर ओरडलो तरी असतो.

नंतर दुपारभर मी जे जे सुचेल ते केलं. इकडच्या फाइली, तिकडच्या फाइली, ओळखीच्या चार कारागिरांना फोन. चौघांनीही एकच विचारलं, पुसण्याआधी वाचली नव्हतीस का. फळीपलीकडून चिठ्ठी आली नाही. कपाळावरच्या आठ्या मोजायची मला हिंमत झाली नाही. तिने सगळं ऐकलं असणार; दहा बाय चौदाच्या दुकानात फोनवर हळू बोलता येत नाही. ती मजा बघतेय असं मला वाटलं. मी तिच्या जागी असतो तर बघितली असती.

चार वाजता मी भिंतीवरचा कागद वाचला. चौदा वर्षांनी पहिल्यांदा वाचला, एरवी नुसतं बोट दाखवायचो. मग जुडग्यातून दुकानाची किल्ली काढली, फळीला वळसा घालून गेलो आणि तिच्या टेबलावर ठेवली. सांगितलं, मास्तरांचं मशीन गेलं, कायमचं गेलं, उद्या मी त्यांना सांगतो आणि जातो. पन्नाशीला आलेला माणूस दुसरं कुठे जाऊन टेबल मागणार?

तिने हातातला टाका पुरा केला. सोल्डरगन स्टँडवर ठेवली.

“चिप वाचली होतीस?”

“नाही.”

“का?”

“गरज वाटली नाही.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी परत सातवीत गेलो. म्हणाली, “खुर्ची आण.”

मी खुर्ची ओढली. तिने तिच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडला. फोल्डरचं नाव होतं ‘पलीकडचं टेबल’. आत फाइली. मी खाली खाली जात राहिलो तरी संपेनात. दोन हजार एकशे सहा. प्रत्येकीवर तारीख, मशीनचा नंबर, आणि प्रत्येक मशीनच्या दोन. सगळ्यात वरची त्याच सकाळची होती, सात वाजून बारा मिनिटांची. मास्तरांचं मशीन. मी हात लावायच्या तीन तास आधीची, बिघडलेली, पूर्ण, किल्लीच्या कप्प्यासकट.

तिने मला विचार करायलाही वेळ दिला नाही. म्हणाली, जुन्या फाइलमधला खास कप्पा तसाच ठेव, फक्त बिघडलेला भाग चांगल्या फाइलमधून घे, आवृत्ती तीच बघ, मग भर. लागेल याची खात्री नाही, असंही म्हणाली. पहिल्यांदा लागलं नाही. निळी स्क्रीन पुन्हा आली, कारण मी घाईत पुढची आवृत्ती घेतली होती. तिने माझ्या हातातून माउस काढून घेतला नाही. नुसती म्हणाली, आवृत्ती. मी बदलली, पुन्हा भरली. मशीन चाचपडल्यासारखं दोनदा आपोआप बंद-चालू झालं. मग स्क्रीनवर शाळेच्या पटांगणाचं चित्र आलं आणि त्यावर ओळीने फोल्डर. मी एक उघडला. एक म्हातारी कॅमेऱ्याकडे बघत दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होती.

आता मी तिचे आभार मानले असतील असं तुम्हाला वाटेल. मी फोल्डरकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे. दोन हजार फाइलींतल्या काही लाल होत्या. मी मोजल्या. नऊ मशीनच्या होत्या. लाल का, असं विचारलं. ती टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागली. मग मी तारखा बघितल्या. त्यांतली एक मला पक्की आठवत होती. एका वकिलाचा लॅपटॉप. मी दुपारी तयार म्हणून ठेवला होता, वकील दुसऱ्या दिवशी येऊन माझा हात दाबून गेले होते.

“तो चालू झाला होता,” मी म्हणालो.

“स्क्रीन लागली होती. आत त्याला स्वतःचा नंबरच राहिला नव्हता. सकाळी मी नीट केला.”

नऊ मशीन. चौदा वर्षांत मी नऊ मशीन घालवली होती आणि मला एकही माहीत नव्हतं. स्क्रूंचाही उलगडा झाला. रोज सकाळी ती माझ्या टेबलावरचं प्रत्येक मशीन उघडायची, चिप दोनदा वाचायची आणि परत बंद करायची. गंजलेले, घट्ट, हट्टी स्क्रू तिने आधीच सोडवलेले असायचे. मी दहाला येऊन हलक्या हाताची शेखी मिरवायचो.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि असा आला की मी मांडणीवर हात आपटला, दोन मेलेले बोर्ड खाली पडले. मी म्हणालो, तू चोर आहेस. माझं टेबल माझं होतं. एकदा तरी तोंडावर सांगायचं होतंस.

“सांगितलं असतं तर तू चिप वाचायला शिकला नसतास,” ती म्हणाली. “भांडायला शिकला असतास. ते तुला येतंच.”

“मग कागद तरी दाखवायचा. नऊदा. मला केव्हाच घालवता आलं असतं.”

“कागदात काय लिहिलंय?”

मी भिंतीकडे बघितलं.

“तुझंच अक्षर आहे. कायमचं गेलं तर, असं लिहिलंय. गेलं का एखादं?”

“नाही.”

“मग किल्ली उचल. माझ्या टेबलावर पसारा नको.” ती पुन्हा भिंग डोळ्यांवर ओढायला लागली आणि मग थांबली. “आणि हे तुझ्यासाठी केलेलं नाही, डोक्यात काही घेऊ नकोस. ती नर्स गेली ना, तिच्यानंतर या दारातून कुणी तसं जायचं नाही, एवढंच.”

मी किल्ली उचलली. खाली पडलेले बोर्ड उचलायला मात्र मी वाकलो नाही. तेवढी ऐट राहू दिली.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. मशीन चालू बघून त्यांनी आधी ती म्हातारी शोधली, ती हलते का ते बघितलं, आणि मग माझे दोन्ही हात धरले. माझे. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं की हे माझं काम नाही, तर फळीपलीकडून ताई उठून आली आणि मास्तरांवरच घसरली. नऊ वर्षांचं काम एकाच डबड्यात ठेवतं का कुणी? तीन ठिकाणी उतरवून घ्या, त्यातलं एक घराबाहेर, नाहीतर पुन्हा या दुकानाची पायरी चढू नका. मास्तर घाबरून हो हो म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे बघून हाताची कसलीशी खूण केली. ती काय होती ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. ती आपल्या जागी गेली. आभार माझ्याच नावावर राहिले, आणि ते मला अजून सलतात. तिने मला खरं बोलू दिलं असतं तर मी निदान सुटलो असतो.

भिंतीवरचा कागद अजून आहे. मी काढायला गेलो होतो, तर चिठ्ठी आली: ‘राहू दे.’

मला ती अजूनही आवडत नाही. उलट आता जास्त आवडत नाही, कारण पूर्वी माझ्याकडे निदान माझी चौदा वर्षं होती. तीही हिच्या एका फोल्डरमध्ये निघाली. कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मी आता कागदाकडे बोट दाखवत नाही, काउंटरवरची धूळ पुसतो.

पण तिचे डोळे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. भिंगाखाली चष्मा लागतो, क्लिप लावताना हात किंचित अडखळतो. फळीमुळे इतकी वर्षं मला फक्त कपाळ दिसायचं. गेल्या महिन्यात मी मांडणी थोडी सरकवली आणि एका मशीनला तिने क्लिप तीनदा लावलेली पाहिली.

त्यानंतरच्या सोमवारी मी पावणेसातला दुकान उघडलं. तिच्या टेबलावर एक जुना, जड लॅपटॉप होता. त्याचे स्क्रू असे बसलेले की पहिला काढतानाच माझ्या तळहाताला फोड आला. परदेशी स्क्रू-ड्रायव्हर काही कामाचा नाही, हेही तेव्हाच कळलं. क्लिप लावली, चिप वाचली. क्लिप काढून परत लावत होतो तेवढ्यात दारात ती उभी दिसली, हातात पिशवी.

“माझ्या टेबलावर काय करतोयस?”

“चिप वाचतोय.”

ती आत आली. पिशवी खुंटीला लावली, भिंगाचा पट्टा पुसला, माझ्या मागून स्क्रीनवर नजर टाकली. ओरडेल असं मला वाटलं. मी तसं उत्तरही तयार ठेवलं होतं.

“दोनदा?”

“दुसऱ्यांदा चालू आहे.”

ती माझं वाचून होईपर्यंत उभीच राहिली, कारण खुर्चीवर मी होतो. दोन्ही फाइली जुळल्या. मी त्या जपून ठेवल्या, झाकण बसवलं आणि उठलो.

“स्क्रू घट्ट लाव,” ती म्हणाली. “सैल असले तर मला लगेच कळतं. मी काही तू नाही.”

मी परत बसलो आणि सगळे स्क्रू घट्ट लावले.